मोबाइलवरचा डॉक्टर आणि आपल्या गल्लीतला गर्दुल्ला

(२६ जून, जागतिक अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त झालेल्या चळवळीच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर. बोलताना आलेले काही बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



मला विषय दिला होता 'तंत्रज्ञान आणि व्यसनमुक्ती'. विषय ऐकून काहीजणांना वाटलं असेल, की हा एखादं नवं अॅप दाखवणार. अॅप नाही. मी डॉक्टरही नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि २०१८ ते २०२२ ही चार वर्षं मी एका अमेरिकन टेलिहेल्थ कंपनीसाठी काम केलं. टेलिहेल्थ म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय उपचार. आमचं काम अफू वर्गातल्या नशेचं व्यसन लागलेल्या माणसांसाठी होतं. हेरॉइन, फेंटॅनिल, वेदनाशामक गोळ्या. आपल्याकडे ज्याला गर्द म्हणतात, ब्राऊन शुगर म्हणतात, ती याच घराण्यातली. कोडीनचं खोकल्याचं औषधही त्यातलंच.

आज मी दोन गोष्टी सांगणार आहे, एक अमेरिकेची आणि एक माझ्या मामूच्या घरची. दोन्ही एकाच वर्षी, २०२० साली घडल्या आणि दोन्ही वेळा मी त्याच टेबलाशी बसलेलो होतो.

आधी अमेरिकेची. तिथे २००१ साली रायन हेट नावाचा अठरा वर्षांचा मुलगा इंटरनेटवरून मागवलेल्या वेदनाशामक गोळ्या घेऊन मेला. गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरने त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला. नियंत्रित औषध द्यायचं तर डॉक्टरने आधी एकदा तरी रुग्णाला समोरासमोर तपासलं पाहिजे. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की ज्या औषधाने व्यसनी माणूस वाचतो, तेही त्याच जाळ्यात अडकलं.

त्या औषधाचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत अफूवर्गीय पदार्थ जिथे जाऊन बसतात त्या जागांना कुलूप समजा. हेरॉइन ही त्या कुलपात पूर्ण फिरणारी किल्ली. ब्युप्रेनॉर्फिन त्याच कुलपात घट्ट बसते पण अर्धीच फिरते. त्यामुळे अंग मोडणं, जुलाब, घाम, झोप उडणं, ज्याला आपली पोरं 'टर्की' म्हणतात, ते थांबतं. नशा चढत नाही. आणि श्वास मंदावण्याला एक मर्यादा राहते, म्हणून एकट्या या गोळीने माणूस मरण्याची शक्यता फार कमी. फ्रान्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर साध्या फॅमिली डॉक्टरांना ही गोळी लिहिण्याची मुभा दिली. १९९५ ते १९९९ या काळात तिथले हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू सुमारे चार पंचमांशाने घटले.

अमेरिकेत मात्र ही गोळी लिहायला डॉक्टरला वेगळा परवाना लागायचा. तो २०२२ च्या डिसेंबरपर्यंत लागत होता. खेड्यापाड्यातल्या कित्येक काउंट्यांमध्ये असा परवाना असलेला एकही डॉक्टर नव्हता. गाडी नसलेल्या, नोकरी गेलेल्या माणसाने दोन-दोन तास लांब जायचं कसं? आमची कंपनी व्हिडिओवर उपचार द्यायची, पण पहिली भेट समोरासमोर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्रत्यक्ष तपासणीची तारीख' असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय डॉक्टरला पुढचं पान उघडायचंच नाही. त्या रकान्यापाशी किती माणसं परत जायची हे आम्हाला आकड्यांत दिसत होतं.

मग कोविड आला. ३१ मार्च २०२० रोजी तिथल्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याने, डीईएने, पत्र काढलं, की साथीच्या काळात ब्युप्रेनॉर्फिन सुरू करायला समोरासमोर तपासणीची गरज नाही. व्हिडिओचीही सक्ती नाही, साधा फोन चालेल. त्या रात्री आम्हाला मेल आला, हा रकाना काढा. इथे बसलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना सांगतो, माझ्या चार वर्षांच्या कामातलं सगळ्यात उपयोगी काम ते होतं आणि ते म्हणजे एका सक्तीच्या रकान्यावरची सक्ती उठवणं. दोन ओळींचा बदल. ऱ्होड आयलंड राज्यात तर पुढच्याच महिन्यात एक फोन नंबर सुरू झाला. दिवसा-रात्री कधीही लावा, पलीकडे डॉक्टर, गोळीची चिठ्ठी जवळच्या दुकानात.

पुढे काय झालं? लोकांना भीती होती, की फोनवर गोळ्या वाटल्या तर काळाबाजार होईल, मृत्यू वाढतील. २०२२ साली जामा सायकियाट्री या मासिकात मेडिकेअरच्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. साथीच्या काळात ज्यांना टेलिहेल्थची सोय मिळाली ते औषधावर जास्त टिकले आणि त्यांच्यात ओव्हरडोसचं प्रमाण कमी आढळलं. २०२५ च्या जानेवारीत डीईएने कायमचा नियमही प्रसिद्ध केला. पहिले सहा महिने ही गोळी फोनवरच्या तपासणीनेही देता येईल. त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली, पण २०२५ साली कोविडकाळातली सूट चालू होती. अमेरिकेत २०२२ साली अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं गेली, २०२४ साली तो आकडा सुमारे ८० हजारांवर आला. हे श्रेय एकट्या टेलिहेल्थचं आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ओव्हरडोस उलटवणारा नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा तिथे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो, त्याचाही वाटा आहे आणि इतरही कारणं आहेत.

आता मामूच्या घरची गोष्ट.

माझा मामेभाऊ भिवंडीत यंत्रमागावर होता. नाव घेत नाही, मुमानीला मी शब्द दिलाय. बारा तासांची पाळी, उभ्याने. खांदा धरायचा. कारखान्यात कुणीतरी खोकल्याच्या औषधाची बाटली दिली. ती प्यायली की दुखणं जातं आणि रात्र निघते. बाटलीवरून तो दोन वर्षांत गर्दवर गेला. पन्नीवर ओढायचा. घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मामू म्हणायचे, 'लडके को नजर लगी है.'

एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे मी तो रकाना काढला त्याच आठवड्यात, त्याचा मला रात्री फोन आला. लॉकडाऊनमुळे माल मिळत नव्हता. म्हणाला, 'भाईजान, टर्की सहन नहीं हो रही, कुछ करो.' मी अमेरिकेतल्या माणसाला दोन तासांत डॉक्टर मिळवून देणाऱ्या यंत्रणेवर काम करत होतो आणि माझ्या भावाला मी सांगितलं, गरम पाणी पी, क्रोसिन घे, हिंमत ठेव. मला खरोखर दुसरं काही माहीत नव्हतं.

का माहीत नव्हतं, ते नंतर शोधलं. भारत सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली २५ मार्च २०२० रोजी. अमेरिकेच्या सहा दिवस आधी. चांगलं पाऊल होतं ते. त्याआधी फोनवर तपासणं कायद्यात बसतं की नाही हेच स्पष्ट नव्हतं. पण त्यात औषधांच्या याद्या आहेत आणि शेवटची यादी मनाईची. एनडीपीएस कायद्याखाली येणारं कुठलंही औषध दूरवरून लिहिता येणार नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्यात येते. म्हणजे एकाच आठवड्यात त्यांनी जो दरवाजा उघडला, तोच आपण बंद केला. आणखी एक फरक आहे. आपल्याकडे व्यसनावरची ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतच नाही, ती व्यसनोपचार केंद्रं आणि दवाखाने यांनाच पुरवली जाते. म्हणून नुसती चिठ्ठी ऑनलाइन करून भागणार नाही. हे मला इंजिनिअर म्हणून फार उशिरा कळलं. आम्ही स्क्रीनचा विचार करतो, गोळी कुठल्या कपाटात आहे याचा करत नाही.

लॉकडाऊन सैल झाल्यावर, ऑगस्टमध्ये, मामूंनी त्याला एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात टाकलं. महिन्याचे बारा हजार रुपये. पैसे मी दिले. माझ्या पगाराला ते जड नव्हते आणि खरं सांगायचं तर पैसे देऊन मी सुटलो असं मला वाटलं. तिथे औषध नव्हतं. कुलूप होतं, पहाटे उठवणं होतं, मार होता. दोन महिन्यांनी तो बाहेर आला तेव्हा चेहरा भरलेला होता. मुमानीने बिर्याणी केली. नवव्या दिवशी सकाळी तो कारखान्याच्या संडासात सापडला.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पाठ होतं. कारण आमच्या अमेरिकन अॅपमध्ये एक सूचना यायची, की काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग जुन्याच मात्रेने माणूस मरू शकतो. डिटॉक्सनंतर आणि तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. ती सूचना स्क्रीनवर कुठे, कुठल्या रंगात यावी यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. तिचा माझ्या भावाशी संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. आपल्या माणसाला आपण रुग्ण समजतच नाही, बिघडलेला समजतो.

जनाज्याच्या वेळी मागे कुजबुज झाली, की ही हराम मौत, नमाज पढायची की नाही. इमामसाहेबांनी पढली, अल्लाह त्यांना बरं ठेवो. पण ती कुजबुज मामूंनी ऐकली आणि ते त्यानंतर त्या मशिदीत गेलेले नाहीत.

मी हे इथे का सांगतो? आपली चळवळ ज्या परंपरेची, तिथे १९६६ साली हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा काढला होता. सातच होत्या. घरातली गोष्ट रस्त्यावर आणली म्हणून त्यांना शिव्या बसल्या. व्यसनाचं आज तेच आहे. मला आधीच एकाने विचारलं, 'असं बोलून मोहल्ल्याची बदनामी का करता? आधीच काय कमी आहे?' भीती खोटी नाही. भिवंडीत, मालेगावात कोडीनच्या बाटल्या पकडल्या की बातमी कशी येते ते आपण पाहतो. पण सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख माणसं अफूवर्गीय पदार्थ घेतात. त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. आणि या ७७ लाखांतले निम्म्याहून जास्त उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली, महाराष्ट्र, राजस्थान, आंध्र आणि गुजरात या राज्यांत आहेत. यात कुठल्या मोहल्ल्याची मक्तेदारी आहे? लपवल्याने बदनामी टळत नाही, फक्त पोरगं एकटं पडतं.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा. गोळी देऊन काय होणार, एक नशा गेली, दुसरी लागली, आणि हे जायज आहे का? जायज-नाजायज सांगायचा मला अधिकार नाही. पण प्रत्येक आजाराला उपचार ठेवला आहे अशा अर्थाची हदीस आपण शुगरच्या कॅम्पमध्ये मोठ्याने सांगतो, इथे का विसरतो? मामू वीस वर्षं ब्लडप्रेशरची गोळी घेतात, त्यांना कुणी गोळीचे व्यसनी म्हणत नाही. ज्या माणसाला रोज सकाळी उठून तीनशे रुपये कुठून चोरू हा विचार करावा लागत नाही, जो कामाला जातो आणि पोरांना ओळखतो, त्याची गोळी चालू आहे म्हणून तो बरा नाही असं म्हणणं मला पटत नाही. रमजानचं कुणी विचारतं. ही गोळी बहुतेकांना दिवसातून एकदा लागते, डॉक्टरांशी बोलून ती इफ्तारनंतर लावून घेता येते. आमच्या ओळखीच्या दोघांनी या वर्षी असे पूर्ण रोजे ठेवले.

आता आपण काय करतो आहोत ते सांगतो, फार मोठं नाही.

दोन वर्षांपासून आम्ही चार-पाच जण दर रविवारी एक फोन चालवतो. आम्ही औषध सांगत नाही, समुपदेशकही नाही. फोन घेतो, ऐकतो, आणि त्या माणसाला जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीपर्यंत पोचवतो. काही सरकारी रुग्णालयांत केंद्राच्या योजनेतून व्यसनोपचाराची सोय आहे, औषध मोफत असतं. सुई टोचून घेणाऱ्यांसाठी नॅकोची ओएसटी केंद्रं आहेत, तिथे गोळी समोर बसून घ्यायची असते. आमच्याबरोबर एक मानसोपचारतज्ज्ञ ताई आहेत. पहिली भेट दवाखान्यात होते, गोळी तिथूनच मिळते. मधल्या दिवसांत त्या व्हिडिओवर बोलतात, झोप कशी आहे, बद्धकोष्ठ आहे का, परत ओढावंसं वाटलं का. हे सगळं कायद्यात बसतं. बोलायला मनाई नाही, दूरवरून ती गोळी लिहायला मनाई आहे.

यात अमेरिकेतल्या कामाचा उपयोग झाला, पण बराचसा उलट्या अर्थाने. तिकडे आमचा पहिला फॉर्म चाळीस प्रश्नांचा होता. ओळखपत्राचा फोटो, विमा, ईमेल, पासवर्ड. पंधरा मिनिटं हात लावला नाही की सुरक्षेसाठी सगळं पुसलं जायचं. तो नियम मी लिहिला होता. ज्याचे हात थरथरतात, जो दर दहा मिनिटांनी संडासात पळतो, तो हा फॉर्म भरणार? त्याला टर्की आलेली असताना आम्ही त्याची परीक्षा घेत होतो. आता रविवारच्या फोनवर पहिल्यांदा तीनच गोष्टी विचारतो. शेवटचं कधी घेतलं, सोबत दुसरं काही घेतो का, आत्ता जवळ कोण आहे.

पहिला प्रश्न का, तर ब्युप्रेनॉर्फिन घाईने देता येत नाही. अंगात हेरॉइन भरलेलं असताना ही गोळी घेतली तर ती हेरॉइनला त्या कुलपातून ढकलून देते आणि एका झटक्यात भयंकर टर्की येते. माणूस म्हणतो, या गोळीनेच मारलं मला, आणि परत येत नाही. म्हणून थोडी टर्की सुरू होऊ द्यावी लागते. डॉक्टर त्यासाठी अकरा मुद्द्यांची एक तपासणी करतात. नाडी, घाम, बाहुल्या किती मोठ्या झाल्या, जांभया, अंगावर काटा. यातलं बरंचसं व्हिडिओवर दिसतं. नाडी रुग्ण स्वतः मोजू शकतो.

दुसरा प्रश्न मालेगाववाल्यांना लगेच कळेल. तिकडे 'कुत्ता गोली' म्हणून जी विकली जाते ती अल्प्राझोलाम. ती अफूवर्गीय नाहीच, झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांच्या वर्गातली. ती एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. आणि ती गोळी, दारू आणि गर्द किंवा कोडीन एकत्र आले की श्वास थांबतो. ब्युप्रेनॉर्फिनच्या जोडीलाही ती धोक्याची. अशा माणसाला फोनवर ठेवायचं नाही, रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचं.

तिसरा प्रश्न बायकांमुळे आला. आमच्याकडे सगळ्यात जास्त फोन आया आणि बायका करतात. काही मुलाबद्दल, नवऱ्याबद्दल बोलतात. थोड्या स्वतःबद्दल. बाळंतपणानंतर कंबर दुखते म्हणून कुणीतरी ट्रॅमाडोल दिली, मग ती सुटलीच नाही. ट्रॅमाडोल २०१८ पासून एनडीपीएसमध्ये आहे हे तिला कुठून माहीत असणार! अशी बाई व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढणार नाही, ओपीडीत रांगेत उभी राहणार नाही. तिच्यासाठी फोन ही खरोखरची वाट आहे. पण घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि खोलीही एकच. व्हिडिओ कॉलवर ती बोलेल कशी? एक बहीण गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची आणि तेवढ्यात बोलायची. म्हणून मी म्हणतो, टेलिहेल्थमध्ये सगळ्यात महाग वस्तू इंटरनेट नाही, दार लावता येणारी खोली आहे.

एक चूक कबूल करतो. सुरुवातीला मी फोनची नोंद एका ऑनलाइन शीटमध्ये ठेवली होती, नावासकट, आणि ती सगळ्या स्वयंसेवकांना उघडी होती. कुणीतरी स्क्रीनशॉट काढला, तो फिरला, आणि एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. हा प्रकार दुसऱ्या कुणी केला असता तर मी त्याला झापलं असतं. व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी अमेरिकेत १९७० च्या दशकापासून वेगळा गोपनीयतेचा नियम आहे, त्यावर मी तिकडे सहा महिने काम केलं होतं. आणि तरीही तिकडच्या कंपन्या घसरतात. दारूच्या व्यसनावर ऑनलाइन उपचार देणाऱ्या एका कंपनीने रुग्णांची माहिती जाहिरातींसाठी मेटा, गुगलसारख्यांना दिली म्हणून २०२४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. आता आमच्याकडे नाव नाही, फक्त क्रमांक, आणि वही ताईंच्या कपाटात. कागदाची वही. हसा, पण ती हॅक होत नाही.

पंजाबकडे मात्र बघायला हवं. तिथे २०१७ पासून सरकारने बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन द्यायला सुरुवात केली. लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला दोन आठवड्यांपर्यंतच्या गोळ्या दिल्या, कारण रोज येणं शक्यच नव्हतं. आकाश कोसळलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधून व्हिडिओवर जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना व्यसनोपचार शिकवतात. रुग्ण डॉक्टरसमोर, डॉक्टर तज्ज्ञासमोर. मला वाटतं आपल्या देशाला हेच जमण्यासारखं आहे. ई-संजीवनीची रचनाही तशीच आहे, उपकेंद्रात रुग्णाशेजारी आरोग्य कर्मचारी बसतो आणि मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर स्क्रीनवर असतो. अमेरिकेसारखं सगळं मोकळं सोडा असं माझं म्हणणं नाही. तिथे एकाग्रतेच्या गोळ्या ऑनलाइन वाटणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखांना २०२४ साली अटक झाली, ते उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. माझी मागणी एवढीच आहे, की ज्याची एकदा समोरासमोर तपासणी झाली आहे, त्याचं पुढचं औषध सरकारी डॉक्टरला व्हिडिओवर लिहिता यावं आणि गोळी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळावी. मनाईच्या यादीत एक अपवाद. पुन्हा तोच रकाना, त्यावरची सक्ती उठवायची.

या मागणीचं निवेदन केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पाठवायचं आहे. मराठी आणि उर्दू मसुदा मागच्या टेबलावर आहे, वाचून मगच सही करा. दुसरं, आपल्या वाचनालयाची मागची खोली रविवारी तीन तास हवी. तिला आतून कडी आहे, मी पाहून आलो. एक टॅब्लेट मी देतो. बायकांच्या वेळी तिथे बाईच बसेल, त्यासाठी दोघी बहिणी हव्या आहेत. शिवणाच्या वर्गाला आलो असं सांगून कुणी आलं तर चालेल, खोटं बोलायला मी उत्तेजन देतोय असं समजा हवं तर.

आणि घरात कुणी असेल तर आमच्या रविवारची वाट बघू नका. १४४४६ ही सामाजिक न्याय मंत्रालयाची नशामुक्तीची हेल्पलाइन आहे. १४४१६ म्हणजे टेलि-मानस, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ वाचा. स्वतःहून मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचाराला येणाऱ्या, स्वतःपुरतं थोडं बाळगणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. केंद्रात टाकायचंच असेल तर नोंदणी विचारा, डॉक्टर रोज येतो का विचारा, औषध कुठलं देतात विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे रुग्णही येतात आणि त्या कायद्याने साखळीने बांधणं गुन्हा आहे. आणि तो बाहेर आल्यावर पहिला महिना त्याला एकट्याला झोपू देऊ नका. हे मी बारा हजार रुपये महिना देऊन शिकलो.

मुमानी आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत. बोलणार नाही म्हणाल्या होत्या, पण आत्ता हात वर केलाय. मी खाली बसतो, माइक त्यांच्याकडे द्या.